नखाएवढं चित्र

एसटी स्टँडवर, पावसाच्या रात्री गाडीची वाट बघत बसलेली म्हातारी. हे चित्र मी तीन आठवडे टॅबवर रंगवत होते. मांडीवर गाठोडं, त्यावर घट्ट दाबलेले दोन्ही हात, फलाटाशी साचलेल्या पाण्यात दिव्याची हललेली रेघ. चित्र नेटवर टाकायची वेळ आली आणि थंबनेलपाशी अडले. शब्दशः अंगठ्याचं नख! तेवढ्या जागेत सगळं चित्र बसवलं, तर नुसता करडा डाग दिसला.

यातून थोरामोठ्यांचीही सुटका नाही. अमेरिकन चित्रकार बीपल याने १ मे २००७ पासून रोज एक चित्र केलं आणि अशी पाच हजार चित्रं एका चौकोनात जोडली. चौकोनाची बाजू २१,०६९ पिक्सेलची. मार्च २०२१मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्याला ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले. पण दोनशे पिक्सेलच्या चौकटीत त्याचा एकेक दिवस जेमतेम तीन ठिपके रुंद होतो. रांगोळीचे सगळे रंग एकत्र सांडावेत, तसं काहीतरी दिसतं.

माझ्या चित्रात कोपऱ्यात एक लाल छत्री होती. तेवढीच कापून लावली. माणसं आली, पुष्कळ आली आणि छत्रीबद्दलच बोलली. म्हातारीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फार लागलं मनाला. पण छत्री पुढे केली होती मीच.

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठही थंबनेलसारखंच लांबून नजरेत भरावं लागतं. स्टॉलवर ते शेजारच्या दहा अंकांमध्ये टांगलेलं असतं. पण ते त्यासाठीच रचलेलं असतं. आम्ही चित्र काढतो जवळून बघायला आणि मग त्याचा तुकडा शोधत बसतो.

चित्रकार चित्रापासून मागे सरून डोळे किलकिले करतात. बारकावे विरघळतात, उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. मीही तसं करून पाहिलं. छत्री विझली. गाठोड्यावरचे हात उरले, कारण दिव्याचा सगळा उजेड मी नकळत तिथेच ठेवला होता. छत्री काढून आता ते हात लावलेत. पूर्वीपेक्षा कमी जण थांबतात, पण थांबतात ते म्हातारीपाशी.

तुम्हीही तुकडा कापण्याआधी एकदा डोळे किलकिले करून बघा.