भुयारातला सभ्य माणूस

माणूस मुळातच चांगला असतो, की त्याला चांगलं वागावं लागतं? या प्रश्नापायी मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी आयुष्यं झिजवली. मला तो ओली हळद आणायला गेलो असताना पडला.

आम्ही वरवंडचे. सोलापूर रस्त्यावर एस.टी. धरायची आणि स्वारगेटला उतरायचं, एवढाच आमचा पुण्याशी पिढीजात संबंध. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि स्वारगेटहून मंडई एका स्टेशनावर आली. लगेच आमच्या हिनं फर्मान काढलं, "लोणच्याची हळद नि आवळे मंडईतूनच आणायचे. मीही येते." खेड्यातल्या माणसानं शहरात जाऊन भाजी आणायची म्हणजे उलटी गंगा! पण मेट्रोत बसायची हौस मलाही होती. मी चक्क गप्प बसलो.

मंडई दोन आहेत. वरची १८८६ सालची. अष्टकोनी मनोऱ्याची ती दगडी इमारत, शेजारी तुळशीबाग, पलीकडे बोहरी आळी आणि रविवार पेठ. इथं माणसाला उभं राहायला जागा नाही, पण धंद्याला आहे. हातगाडीवाला "पाय, पाय" म्हणत आपल्या पायावरूनच जातो, स्कूटरवाला पाठीत हॉर्न वाजवतो आणि पानाची पिचकारी कुठून आली हे कळेपर्यंत ती पोचलेली असते.

सरकत्या जिन्यानं खाली उतरा. तीच माणसं! पण पिचकारी नाही, धक्का नाही. मघाचा तो स्कूटरवालाच म्हणावा असा एक गृहस्थ मला "आधी तुम्ही" म्हणाला. लंडनकरांनी १८६३ साली आणि कलकत्तेकरांनी १९८४ साली भुयारी रेल्वे सुरू केली. माणूस जमिनीखाली गेला की सुधारतो, हा शोध त्यांनाही लागला असणार. मीसुद्धा शेंगदाण्याची पुडी संपल्यावर कागद घडी घालून खिशात ठेवला. वर असतो तर... जाऊ द्या.

तो कागद ठेवताना हाताला नोटा लागल्या. ऐंशी रुपयांची हळद नि आवळे घेऊन मी दोनशेची नोट दिली होती. एकशेवीस परत यायला हवे होते. खिशात चारशेवीस होते. भाजीवाल्या मावशींनी माझी नोट पाचशेची धरली होती.

आता आकडाच चारशेवीस निघावा, ही नियतीची थट्टा. पण मी लगेच विचार सुरू केला. विचार सुरू झाला की समजावं, माणूस पैसे ठेवून घ्यायच्या बेतात आहे. वर जायचं म्हणजे तिकीट फुकट. मावशी सापडतील कशावरून? आणि आजवर भाजीवाल्यांनी मला काय कमी मापलंय? आजूबाजूला कॅमेरे होते. मी कागद टाकला असता तर त्यांना दिसला असता. खिशातले तीनशे रुपये मात्र त्यांना दिसत नव्हते. भुयारातला सर्वांत सभ्य दिसणारा प्रवासी त्या क्षणी मी होतो.

"काय मोजताय?" हिनं विचारलं.

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. नुसती सरकत्या जिन्याकडे वळली.

मावशींना चूक कळलीच नव्हती. पैसे हातात घेत त्या म्हणाल्या, "दादा, नोटा बघून घ्याव्यात की!" म्हणजे चूक माझीच. वर कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. दिवसभराच्या गल्ल्यात तीनशेचा खड्डा म्हणजे काय, ते त्यांच्या दुसऱ्यांदा नोटा मोजणाऱ्या बोटांत मला दिसलं, आणि हळद फार तिखट असल्यासारखं डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या एस.टी.त मला आई आठवली. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आमच्या वरवंडला असतो. त्या रात्री गावात गावाच्या कितीतरी पट माणसं. ना फाटक, ना तिकीट, ना कॅमेरा. आमच्या ओसरीवर अनोळखी वारकरी झोपत, आमच्याच तांब्या-पेल्यांनी पाणी पीत. सकाळी शेजारीण म्हणे, "भांडी मोजलीत का?" आई म्हणे, "मोजली की कमीच भरतात." तिनं कधी मोजली नाहीत. कमी भरली असतील तर तिला ते कळलंच नाही, आणि बहुधा ती भरलीही नसतील. जिनं आपल्यावर इतका विश्वास टाकला तिचा पेला उचलायला जरा जास्तच निर्ढावलेपण लागतं.

मग मी पैसे परत केले ते चांगुलपणानं, की हिनं पाहिलं म्हणून? मी तिलाच विचारलं.

"मी नसते तर तुम्ही गेला असतात का परत?"

"गेलो असतो," मी म्हणालो. जरा उशिराच म्हणालो.

रात्री सदरा धुवायला टाकताना खिशातून शेंगदाण्याचा कागद निघाला. स्वारगेटपासून वरवंडपर्यंत एस.टी.च्या खिडकीशी बसूनही मी तो टाकला नव्हता, आणि तिथं कॅमेराही नव्हता. तेवढाच एक पुरावा माझ्या बाजूनं आहे. मी तो जपून ठेवलाय.