आरोग्यधाम आणि आपला उंबरठा

पांचगणीला सहलीस किंवा मुलांना वसतिगृहात सोडण्यास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना तेथील टेबललँड ठाऊक असते, शाळा ठाऊक असतात. या गावाची आणखी एक ओळख होती, तिचा उल्लेख आता क्वचितच होतो. डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ साली येथे क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले. पुढे ते रेडक्रॉस संस्थेच्या हाती आले. अशा वास्तूंकडे पाहताना एक प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. माणसांनी त्या का बांधल्या? रोग्याच्या सेवेसाठी की त्याला आपल्यापासून दूर ठेवण्यासाठी?

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर दोन्हींसाठी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला, परंतु त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडण्यास १९४३ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत वैद्यांच्या हाती होते ते मुख्यतः हेच: डोंगरावरची स्वच्छ हवा, ऊन, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती. त्यासाठी गावाबाहेर, उंचावर, मोठ्या खिडक्यांची आणि रुंद व्हरांड्यांची आरोग्यधामे उभी राहिली. ज्यांना ऐपत होती ते आपला माणूस घाट चढवून तेथे पोहोचवीत. त्यांतले किती जण घाट उतरून घरी परतले असतील, याचा विचार मनाला चटका लावतो.

त्याच काळात फ्रान्समधील लिझ्यू येथील मठात बाळ येशूची संत तेरेजा १८९७ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, याच रोगाने मरण पावली. तिला वाचविण्याचा उपाय कोणापाशीही नव्हता. मात्र तिच्या सख्ख्या बहिणी त्याच मठात होत्या आणि अखेरच्या महिन्यांत तिच्या उशाशी बसत होत्या. औषध नसताना देता येण्याजोगे जे होते, ते तिला मिळाले.

आरोग्यधामांचे युग संपले त्याला आपल्या देशातील एक प्रयोग मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५६ मध्ये मद्रास शहरात गरीब वस्त्यांतील १९३ क्षयरोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरीच राहू दिले. घरी अन्न कमी प्रतीचे, जागा अपुरी, विश्रांती नावापुरती. तरीही १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसून आले की, घरचे रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. शिवाय रोगी घरात राहिल्यामुळे घरच्यांना होणारी लागण वाढल्याचेही आढळले नाही. या निष्कर्षाने जगभरातील उपचारांची दिशा बदलली. पुष्कळ आरोग्यधामे हळूहळू रिकामी झाली.

म्हणजे विज्ञानाने रोग्याला घरी पाठविले. आता प्रश्न विज्ञानाचा उरला नाही. घराने त्याला घेतले का, एवढाच उरला.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. अंबरनाथजवळच्या पालेगावात भाताच्या शेतांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. तेथील एका घरी आम्ही घरभेटीला गेलो होतो. थोरली लेक बरेच दिवस मिस्साला दिसली नव्हती. “फादर, ती गावी गेलीय,” आई म्हणाली. तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. आईने मान खाली घातली. ओट्याच्या कोपऱ्यात एक ताट, एक वाटी आणि एक पेला वेगळा ठेवलेला होता. लेकीचे लग्न ठरत आले होते, म्हणून ही लपवालपवी. आम्ही तिला बाहेर बोलावले. ती आली, आणि आम्ही नकळत आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. तिने ते पाहिले. औषध सुरू होऊन तिला तीन महिने झाले होते आणि तपासणीत थुंकीत जंतू उरले नव्हते, हे आम्हांला नंतर कळले. आईला आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश करणार होतो?

योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांतच लागण होण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. क्षय हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नव्हे. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. सरकारी केंद्रांत तो मोफत मिळतो आणि पोषणासाठी दरमहा अर्थसाह्यही दिले जाते. हे सारे असूनही रोगी गोळ्या लपवून घेतो, मध्येच सोडतो, आणि मग साध्या औषधांना न जुमानणारा क्षय त्याच्या वाट्याला येऊ शकतो. त्याला गोळ्या सोडायला लावणाऱ्या कारणांत आपली लाज आणि आपली भीतीही असते, हे मान्य करावयास हवे.

जुन्या करारात कुष्ठरोग्याला छावणीबाहेर राहावे लागे. येशूने त्याला आधी स्पर्श केला आणि तो बरा झाला. हा क्रम आपण ध्यानी घेत नाही. आपण म्हणतो, आधी बरा हो, मग जवळ ये.

बेल-एअरच्या वास्तूचा पुढचा इतिहास म्हणूनच आम्हांला बोलका वाटतो. क्षयासाठी उभ्या राहिलेल्या त्या आवारात पुढे एड्सच्या रुग्णांना आसरा मिळाला. समाजाने एका रोगाचे भय थोडेसे टाकले आणि दुसऱ्याचे धरले. त्या आवाराने मात्र आधी एकाला आणि मग दुसऱ्याला आत घेतले.

आज क्षयाचे आरोग्यधाम म्हणजे आपले स्वतःचे घर आहे. तेथे डोंगराची हवा नसेल, रुंद व्हरांडा नसेल. खिडकी उघडी ठेवता येईल, गोळीची वेळ लक्षात ठेवता येईल, आणि ताट सर्वांच्या पंगतीत मांडता येईल. पालेगावच्या त्या घरी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी चहा त्या मुलीनेच आणला. आम्ही तो तिच्या शेजारी बसून घेतला.