ऋण एकाचे, फेड दुसऱ्याला

दिवाळीत अंगणात रांगोळी घालणारी गृहिणी ती कोणासाठी घालते? केवळ स्वतःच्या आनंदासाठी म्हणावे, तर ती माजघरातही घालता आली असती. केवळ कौतुकासाठी म्हणावे, तर भल्या पहाटे, कोणी पाहायला नसताना, एकेक ठिपका जुळवताना ती इतकी रंगून का जाते? ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद फडके-खांडेकरांच्या नावाने महाराष्ट्रात पुष्कळ गाजला. पण मुळात माणसाला आपल्याजवळचे दुसऱ्याला द्यावेसे का वाटते, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन शिक्षक या बाबतीत आपल्याला काही सांगू शकतील.

एक पालगडचे साने गुरुजी. अंमळनेरला असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. तिने दिले ते तिला परत करण्याची वाट कायमची बंद झाली होती. मग ते द्यायचे कोणाला? तिला कधीही न पाहिलेल्या, महाराष्ट्रातल्या घरोघरच्या मुलांना!

दुसरे मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत. गुरुजींच्या डोळ्यांपुढे मुले तरी होती. केशवसुतांपुढे कोण होते? मासिकांतून त्यांच्या कविता येत. परंतु १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला, तोवर एकही संग्रह निघालेला नव्हता. पहिला निघाला तो १९१७ साली, हरि नारायण आपटे यांच्या खटपटीने. कीर्ती हीच प्रेरणा असती, तर या मनुष्याने केव्हाच लेखणी खाली ठेवली असती.

कोणी म्हणेल, ‘मग ते स्वतःसाठीच लिहीत असले पाहिजेत.’ मला तसे वाटत नाही. इंग्रजी कवितेतून त्यांनी पुष्कळ घेतले; सुनीताचा घाट मराठीत आणला तो त्यांनीच. ज्यांच्याकडून घेतले ते कवी परके, बहुतेक केव्हाच दिवंगत झालेले. त्यांची फेड त्यांना कशी करणार? ती त्यांनी पुढे जन्माला येणाऱ्या मराठी वाचकांना केली.

तेव्हा कलेची प्रेरणा दातृत्वात नाही, ऋणात आहे, असे मला वाटते. ज्याने दिले त्याला परत करता येत नाही, आणि जवळ ठेवूनही चैन पडत नाही, अशा ऋणात.

हा भेद वरवरचा नव्हे. आपण दाते आहोत असे ज्या लेखकाला वाटू लागते, तो हळूहळू उपदेश करू लागतो आणि वाचकाच्या कृतज्ञतेची वाट पाहतो. ऋणको मात्र नम्र असतो. वाचकाने ते स्वीकारले, हेच त्याला उपकारासारखे वाटते. नुसत्या ऋणाच्या जाणिवेने कोणी कलावंत होत नाही, हे खरे. त्यासाठी हात घासावाच लागतो. पण हात कसलेला असूनही ज्याला कोणाचेच देणे आठवत नाही, त्याचे लेखन वाचताना आपले मन कोरडेच राहते, याचा अनुभव, वाचकहो, आपणही घेतला असेल.