ताण आणि आशा

वाचनासाठी : यिर्मया अध्याय २८ आणि २९:१-१४



पांढुर्णा व सौसर या आमच्या भागात ‘ताण’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो : संत्र्याच्या बागेत आणि विद्यार्थ्यांच्या घरात. आंबिया बहार यावा म्हणून बागाईतदार हिवाळ्यात काही आठवडे पाणी बंद करून बाग ताणावर सोडतो. वेळेवर पुन्हा पाणी दिले की झाडे फुलतात. परंतु ताण जास्त झाला तर झाड वाळते. म्हणून तो रोज बागेत जाऊन पाने पाहतो.

आपल्या मुलांचा ताण कोण पाहतो? घरची भाषा मराठी, पुष्कळांची शाळा हिंदी. नागपूर जवळचे, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते पलीकडे गेले व आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नीट असो की पोलीस भरती, अर्ज पुष्कळ आणि जागा थोड्या.

शब्बाथ शाळेतील एका मुलाने आम्हांला विचारले, “प्रार्थना करूनही नंबर लागला नाही, तर देवाने माझे ऐकले नाही असे समजायचे का?” आम्ही घाईने म्हणालो, “विश्वास ठेव, सर्व ठीक होईल.” तो गप्प बसला. घरी आल्यावर आमचेच उत्तर आम्हांला बोचू लागले.

हनन्याचे उत्तर असेच होते. इ. स. पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतील लोकांना बाबेलास नेले. दोन वर्षांत सर्व परत येतील, असे हनन्याने सांगितले. ते गोड होते, पण खोटे होते. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्राने कळविले की सत्तर वर्षे लागतील. तोवर तेथेच घरे बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. परीक्षेच्या वेळी आपण मुलांना जे वचन लिहून देतो (२९:११), ते याच पत्रातील आहे. त्यात निकालाची हमी नाही. उशीर होत असतानाही देव आपल्या लोकांना विसरलेला नाही, ही हमी आहे.

प्रभु येशूनेही गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. पण पित्याने त्याला कबरेत राहू दिले नाही. आपली आशा येथे आहे.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाजवळ बसलो. म्हणालो, “बाळा, आमचे उत्तर चुकले. नंबर लागेल की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. पण नाही लागला तरी देव तुझा आहे आणि ही मंडळीही तुझी आहे.” तेव्हा कुठे तो मोकळेपणी बोलू लागला.

आईबापांनो, निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी लेकराला जेवू घाला. शिक्षकांनो, नापास झालेल्याच्या घरी आधी जा. कोणी अन्नझोप सोडली, जगणे नको असे म्हणू लागला, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. मदत मागणे हा अविश्वास नव्हे.

हे प्रभो, आमच्या लेकरांची पाने कोमेजण्याआधी ती पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.