कच्चं, शिजलेलं आणि आतला अग्नी



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १०.

सतरावा अध्याय श्रद्धेचा आहे. अर्जुन श्रद्धेबद्दल विचारतो, भगवंत तिचे तीन प्रकार सांगतात, आणि थोडं पुढे गेल्यावर बोलणं थेट ताटावर येतं. यज्ञ, तप, दान हे सगळं त्यानंतर. आधी आहार. मला ही क्रमवारी फार आवडते. तुम्ही काय जप करता, किती पारायणं केलीत, हे नंतर बघू. आधी सांगा, दुपारी काय जेवलात?

आठव्या श्लोकात सात्त्विक आहार येतो. जो आयुष्य, मनाची शुद्धता, बळ, आरोग्य, सुख आणि प्रेम वाढवतो. जो रसाळ आहे, स्निग्ध आहे, अंगाला लागतो आणि मनाला भावतो. नवव्यात राजस आहार : अति तिखट, अति खारट, अति आंबट, पोटात आग पेटवणारा. आणि दहाव्यात तामस : रस गेलेला, वास येणारा, शिळा, उष्टा आणि 'यातयाम'.

या शेवटच्या शब्दावरच आज बोलायचं आहे.

आमच्या शनिवारच्या गीतावर्गात एका मुलीने विचारलं, "दादा, यातयाम म्हणजे शिजवून वेळ झालेलं ना? मग शिजवलेलं अन्न तामस आणि कच्चं तेवढं सात्त्विक, असंच ना? मी महिनाभर फक्त कच्चं खातेय. एनर्जी मस्त वाटते."

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. हल्ली रील्सवर हे सारखं दिसतं. फळं, मोड आलेली कडधान्यं, सॅलड, भिजवलेले बदाम, आणि खाली गीतेचा एखादा श्लोक. 'विस्तवावर ठेवलं की अन्न मेलं' हे वाक्य तर सुविचारासारखं फिरतंय. म्हणून म्हटलं, आज नीट बघूया.

यातयाम या शब्दाचा रूढ अर्थ, ज्याला शिजवून एक प्रहर, म्हणजे साधारण ३ तास, होऊन गेलेत ते अन्न. पण आद्य शंकराचार्यांचं भाष्य उघडून बघा. ते या शब्दाचा अर्थ 'नीट न शिजलेलं, अर्धवट शिजलेलं' असा करतात. कारणही देतात : रस गेलेल्या अन्नासाठी पुढे वेगळा शब्द आलेलाच आहे, मग तेच दोनदा कशाला सांगतील? म्हणजे ज्या शब्दावर 'शिजवणं वाईट' ही इमारत उभी केली जाते, त्याच शब्दाचा अर्थ आचार्य 'कमी शिजवलेलं' असा घेतात. कुठलाही अर्थ घ्या, ताजं शिजवलेलं गरम अन्न या यादीत कुठेच बसत नाही.

मग दुसरा श्लोक पुढे येतो, नवव्या अध्यायातला सव्विसावा. पान, फूल, फळ, पाणी. यातलं काहीच शिजवावं लागत नाही, हे खरं. पण तो श्लोक सावकाश वाचला की लक्षात येतं, भक्ती हा शब्द त्यात दोनदा आलाय. देवाने मेनू दिलेला नाही. अगदी ज्याच्याकडे चूल पेटवायला लाकूडही नाही, त्यालाही मला काहीतरी देता येईल, एवढं सोपं करून ठेवलंय.

आणि तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक तर शिजवण्याबद्दलच आहे. यज्ञातून उरलेलं जे खातात ते पापातून सुटतात. जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पाप खातात, असं भगवंत म्हणतात. दोष विस्तवाचा सांगितलेला नाही. दोष 'फक्त माझ्यापुरतं' याचा सांगितलाय.

इथे मला माझ्या मावसभावाची गोष्ट सांगावीशी वाटते. त्याला विचारूनच लिहितोय. वय २६, पुण्यात नोकरी, आईवडिलांसोबत राहतो. गेल्या वर्षी त्याने पूर्ण कच्चा आहार सुरू केला. दूध-ताकही सोडलं. पहिले पंधरा दिवस खूप हलकं वाटलं, सकाळी लवकर जाग यायला लागली. घरी मात्र वेगळंच चाललं होतं. सगळे जेवायला बसले की हा आपला वाडगा घेऊन खोलीत. मावशीने वरण केलं तर "यात काही उरलेलं नसतं गं आई." पोळीकडे बघायचाही नाही. चार महिन्यांनी मावशीचा मला फोन. तक्रार नव्हती, रडणंही नव्हतं. एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघं गीता वाचता ना रे? त्यात असं आहे का, की आईच्या हातचं मेलेलं असतं?"

मंडळी, या प्रश्नाला मी फोनवर लगेच 'नाही' म्हणालो. पण खरं उत्तर त्याला द्यायचं होतं, म्हणून रविवारी त्याच्याकडे गेलो आणि आम्ही पंधराव्या अध्यायातला चौदावा श्लोक काढून बसलो.

तिथे भगवंत म्हणतात की मीच वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो, आणि प्राण-अपानासह चार प्रकारचं अन्न पचवतो. चावून खायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं, असे हे चार प्रकार टीकाकारांनी सांगितलेत. पोळी आली, खीर आली, मध आला, ऊसही आला. आता विचार करा. आपण काहीही खाल्लं, काकडी किंवा खिचडी, तरी ते शेवटी अग्नीवरच जातं. बाहेरची चूल टाळता येईल, आतली कशी टाळणार? तिथे बसलेला आचारी स्वतः नारायण आहे. मग कुठल्याही ताटासमोर प्रश्न एकच उरतो : या अग्नीत मी आज जे टाकतोय ते त्याला झेपेल का?

प्रत्येकाचा हा अग्नी वेगळा. एकाला कच्चा मुळा पचतो, दुसऱ्याला रात्रभर पोट धरून बसवतो. म्हणूनच सहाव्या अध्यायात 'युक्त' आहाराची गोष्ट येते. फार खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली, जी साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना ते आहारशुद्धीकडे येतात. काय खातो हे महत्त्वाचं आहेच, पण योग्य प्रमाणात खातो का हे त्याहून महत्त्वाचं, असा त्यांचा रोख आहे. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत.

भाऊ म्हणाला, "पण मला फरक जाणवला त्याचं काय?" योग्य प्रश्न. मी त्याला आमच्याच कामातलं उदाहरण दिलं. एकाच रिलीजमध्ये पाच बदल केले आणि सिस्टिम वेगवान झाली, तर कोणत्या बदलामुळे झाली हे सांगता येतं का? त्याने कच्चं खायला सुरुवात केली, त्याच दिवशी वडापाव, कोल्ड्रिंक, रात्री अकराची बिर्याणी आणि चार कप चहाही सुटला होता. हलकं वाटलं ते कशामुळे?

आता थोडं शरीरशास्त्र. कच्च्या खाण्याचे फायदे खरे आहेत. उष्णतेने क जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होतं, शिजवलेलं पाणी फेकून दिलं तर आणखी जातं. तंतुमय पदार्थ भरपूर मिळतात, चावावं लागतं म्हणून माणूस सावकाश जेवतो. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेला-तुपासोबत, शरीराला जास्त चांगलं मिळतं. कच्च्या राजम्यात असा घटक असतो की त्याने उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून भरपूर उकळल्यावरच जातो. मोडांमध्ये जंतू सहज वाढतात, म्हणून गरोदर बायकांना कच्चे मोड टाळायला सांगतात. 'कच्च्या अन्नातली एन्झाइम्स आपल्याला शक्ती देतात' असं म्हणतात, पण एन्झाइम म्हणजे प्रथिनं. त्यातली बहुतेक आपल्या पचनात इतर प्रथिनांसारखीच मोडली जातात. आणि दूध-दहीही सोडलेल्या शाकाहारी माणसाला बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. भावाच्या रक्ततपासणीत तेच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

या सगळ्यात मला गांधीजींची आठवण होते. १९२९ साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, वाटलेला हिरवा पाला, लिंबू, मध. आश्रमातले काहीजणही सामील झाले. 'यंग इंडिया'मध्ये त्यांनी त्यावर उघडपणे लिहिलं. पुढे त्यांना आमांशाचा त्रास झाला आणि त्यांनी प्रयोग थांबवला, तेही जाहीरपणे सांगून. आता गंमत बघा. त्याच वर्षी जूनमध्ये, कौसानीला, त्यांनी आपल्या गीतेच्या गुजराती अनुवादाची प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकाचं नाव 'अनासक्तियोग'. १२ मार्च १९३०ला, दांडीयात्रा निघाली त्या दिवशी, ते प्रसिद्ध झालं. कच्च्या अन्नावर त्यांचा किती विश्वास होता! पण शरीराने 'नाही' म्हटल्यावर त्यांनी तो सोडला. आहाराच्या बाबतीत अनासक्ती म्हणजे मला तरी हेच वाटतं. प्रयोग मनापासून करायचा, पण प्रयोगालाच देव करायचा नाही.

कारण खरा धोका मुळ्यात किंवा भातात नाहीच. 'मी शुद्ध खातो, हे लोक मेलेलं खातात' हे ज्या दिवशी मनात येतं, त्या दिवशी ताटात कितीही सात्त्विक पदार्थ असोत, जेवणारा राजस झालेला असतो. आठवा श्लोक परत वाचा. सात्त्विक आहाराच्या फळांमध्ये बळ आणि आरोग्यासोबत सुख आणि प्रीतीही आहे. ज्या आहाराने घरातली प्रीती आटते, त्याला सात्त्विक म्हणायचं कसं?

आणि आपल्या आजीचं पान आठवा ना. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे भाजी, मधे वरणभात आणि वर तूप. चैत्रात आंबेडाळ, म्हणजे भिजवून वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळ आणि कैरी, सोबत पन्हं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काला. कच्चं आणि शिजलेलं यांचं भांडण त्या पानात कधी नव्हतंच. दोघांना आपापली जागा होती, आणि ऋतूही.

मग वर्गातल्या त्या मुलीला मी काय सांगितलं? जे सुरू केलंयस त्यातलं चांगलं ठेव. सकाळी फळ, जेवणात वाटीभर कोशिंबीर, मोडाची मटकी जरा वाफवून. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाऊ नकोस. काही औषध चालू असेल, डायबेटिस असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार उलटापालटा करू नकोस. आणि दिवसातलं एक जेवण सगळ्यांसोबत, एकाच भांड्यातलं.

भाऊ आता सकाळी त्याचा फळांचा वाडगा खातो. वजनाबद्दल, शेंगदाण्यांबद्दल त्याचे आणि मावशीचे वाद अजून होतात. पण रात्री तो पानावर बसतो. कोशिंबीर करायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय, सगळ्या घरासाठी.

आजचा छोटा संकल्प : आज जेवताना फोन उलटा ठेवूया. पहिला घास घ्यायच्या आधी दोन क्षण थांबून त्या आतल्या वैश्वानराला मनात नमस्कार करूया, आणि ज्या हातांनी हे पान वाढलं त्यांनाही. मेसच्या मावशी असतील, डबा पाठवणाऱ्या काकू असतील, स्वतःची आई असेल किंवा बायको-नवरा. आणि जमलं तर जेवून झाल्यावर त्यांना सांगूया, छान झालं होतं म्हणून.

हे नारायणा, जे पचेल तेवढंच मागायची बुद्धी दे, आणि जे मिळालं ते वाटून खायची.

उद्या अकरावा श्लोक, यज्ञाचे तीन प्रकार. तोवर,

राम कृष्ण हरी!