कृतज्ञतेचे देणे कुणाच्या खिशातून?



हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात आणि हिरवे मैदान डोळ्यांपुढे येते. आज मात्र मी कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीविषयी लिहिणार आहे. ज्यांची मुले-नातवंडे टोरांटोकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनी या खेळाविषयी फोनवर काही ना काही ऐकले असेल. तिकडच्या रसिकांमध्ये एक वाद दरवर्षी नव्याने रंगतो. संघासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे दिलेला बचावपटू आता थकला आहे, त्याचा करार संपत आला आहे. त्याला नवा करार द्यायचा की निरोप?

कुणी म्हणेल, कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूची चिंता आपण का करावी? त्याच्या पोटाची चिंता करण्याचे कारण नाही, हे खरेच. पण या वादाच्या तळाशी जो प्रश्न आहे, तो आपल्या प्रत्येकाच्या दाराशी कधी ना कधी येतो. ज्याने आपल्यासाठी राबून शक्ती खर्च केली, त्याची शक्ती संपत आल्यावर आपण त्याचे काय देणे लागतो?

आधी खेळ थोडा समजून घेऊ. बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात. एक गोलरक्षक, तीन आक्रमक आणि दोन बचावपटू. सामना ६० मिनिटांचा, २०-२० मिनिटांच्या तीन भागांत. खेळाडू मिनिटभरापेक्षाही कमी वेळ बर्फावर राहतो, जीव तोडून खेळतो आणि बदली होऊन बाकावर येतो. बचावपटूला चालून येणाऱ्या आक्रमकाकडे तोंड ठेवून उलटे घसरत जावे लागते आणि क्षणात वळून धावावे लागते. वय पहिल्यांदा दिसते ते या वळण्यात. डोके अजून अचूक सांगत असते, पण पाय अर्धा क्षण मागे पडतात. या खेळात पस्तिशीचा माणूस म्हातारा गणला जातो.

आता एक खरे उदाहरण घेऊ. झ्डेनो चारा हा स्लोव्हाकियातील त्रेंचीन गावचा खेळाडू. उंची सहा फूट नऊ इंच, नॅशनल हॉकी लीगच्या इतिहासातील सर्वांत उंच खेळाडूंपैकी एक. १ जुलै २००६ रोजी बोस्टन ब्रुइन्स या संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा ३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला आणि त्याला कर्णधार नेमले. २००९ साली सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक त्याला मिळाला. २०११ साली त्याच्या नेतृत्वाखाली बोस्टनने स्टॅनले चषक जिंकला. त्याआधीचा चषक १९७२ सालचा, म्हणजे ३९ वर्षांची प्रतीक्षा संपली. २०१९ च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यात पक तोंडावर आदळून त्याचा जबडा मोडला. पाचव्या सामन्यात, वयाच्या ४२ व्या वर्षी, चेहरा झाकणारे कवच लावून तो पुन्हा बर्फावर उतरला. बोस्टनच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

त्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर २०२० मध्ये, तो बोस्टन सोडून वॉशिंग्टन कॅपिटल्सकडे गेला. करार एक वर्षाचा, रक्कम ७ लाख ९५ हजार डॉलर. बोस्टनच्या व्यवस्थापनाला तरुण बचावपटूंना संधी द्यायची होती आणि चाराला पूर्वीपेक्षा बरीच लहान भूमिका देऊ केली होती. १४ वर्षे कर्णधार असलेल्या माणसाने ती न स्वीकारता दुसरीकडे खेळणे पसंत केले. जाताना त्याने कुणाला दूषण दिले नाही. क्लबने तरुणांना घेऊन पुढे जायचे ठरवले आहे आणि त्या निर्णयाचा मी आदर करतो, अशा अर्थाचे त्याने सांगितले.

बोस्टनचे रसिक मात्र दोन तटांत विभागले गेले. एक तट म्हणाला, हा कृतघ्नपणा आहे. दुसरा म्हणाला, संघ म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती, म्हणून दोघांचेही म्हणणे नीट ऐकू या.

पहिल्या तटाचे सर्वांत भक्कम म्हणणे असे की, म्हातारपणी दिलेले पैसे ही मेहेरबानी नसते, ती थकबाकी असते. या लीगचे नियमच असे आहेत की कोवळ्या वयातील खेळाडूच्या पहिल्या कराराला कमाल मर्यादा असते आणि हव्या त्या संघाशी बोलणी करण्याचे स्वातंत्र्य त्याला साधारण सात हंगामांनी किंवा वयाच्या २७ व्या वर्षी मिळते. म्हणजे पाय सर्वांत वेगाने धावत असतात, तेव्हा त्याला मोल कमी मिळते. मग उतारवयात थोडे जास्त मिळाले तर बिघडले कुठे?

या युक्तिवादात तथ्य आहे. पण चाराच्या बाबतीत तो अपुरा पडतो. त्याची कोवळी वर्षे न्यूयॉर्क आयलंडर्स आणि ऑटावा या संघांकडे गेली. थकबाकी असलीच तर ती बोस्टनकडे नव्हती. बोस्टनने २००६ साली बाजारभावाने करार केला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये आणखी सात वर्षांचा ४ कोटी ५५ लाख डॉलरचा करार करून तो शेवटपर्यंत पाळला. ठरलेली मजुरी चुकती झाली होती.

दुसऱ्या तटाचे सर्वांत भक्कम म्हणणे वेतनमर्यादेविषयीचे आहे. कामगार-मालक संघर्षात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्यानंतर या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२०-२१ साली, करोनाच्या काळात, ती ८ कोटी १५ लाखांवर गोठवलेली होती. अशा हिशेबात एकाच्या ताटात जास्त वाढले की दुसऱ्याच्या ताटातले कमी होते.

इथे मला मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याची आठवण होते. त्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पण त्याने पहिल्या मजुरांची ठरलेली मजुरी कापली नाही. तो उदार झाला तो स्वतःच्या पैशातून. हॉकी संघाच्या महाव्यवस्थापकाची गोष्ट तशी नाही. तो मळ्याचा धनी नाही, कारभारी आहे. मर्यादेच्या आत त्याने एकावर दाखवलेल्या उदारपणाची किंमत दुसरा खेळाडू मोजतो, बाकावर वाट पाहणारा एखादा विशीतला मुलगा मोजतो. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाला औदार्य म्हणता येत नाही.

मग दुसरा तट जिंकला का? मला तसे वाटत नाही. तत्त्वज्ञानात आम्हांला एक सवय लावली जाते, ती म्हणजे दोन प्रश्न एकात मिसळले आहेत का, हे आधी तपासायचे. इथे ते मिसळलेले आहेत. ‘याच्या येत्या वर्षाच्या खेळाचे मोल किती?’ हा एक प्रश्न. ‘याच्या गेल्या वर्षांचे आपण काय देणे लागतो?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉलरमध्ये देता येते, आणि तेही जपून. दुसऱ्याचे उत्तर डॉलरमध्ये देऊ पाहिले की घोटाळा होतो. पहिला तट दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या नाण्यात मागतो. दुसरा तट पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्नच नाही, असे समजून मोकळा होतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेला न्यायाच्या कुटुंबातला पण वेगळा सद्गुण मानले आहे. कर्ज कायद्याने वसूल करता येते, कृतज्ञता वसूल करता येत नाही. तरी ती ऐच्छिक नाही, ते खरे देणेच आहे. ती मुख्यतः अंतःकरणातून फेडायची असते, आणि उपकारकर्ता सुखवस्तू असला तरी त्याला मान देऊन, आदर दाखवून आपण उतराई होऊ शकतो, असे ते सांगतात. कोट्यधीश खेळाडूच्या बाबतीत हे किती चपखल आहे पाहा! त्याला पैशाची गरज नाही, म्हणून आपले देणे संपत नाही. फक्त नाणे बदलते.

हे दुसरे नाणे कोणते? माझ्या मते ते तीन प्रकारचे. पहिले म्हणजे सत्य, वेळेवर आणि तोंडावर सांगितलेले. दुसरे म्हणजे त्याला स्वतःचा निर्णय घेऊ देणे. तिसरे म्हणजे त्याच्या नावाचा सन्मान, तो गेल्यानंतरही.

बोस्टनच्याच जुन्या इतिहासात याचे उदाहरण आहे. रे बोर्क हा बचावपटू १९७९ पासून या संघात होता. २१ हंगाम झाले, पण स्टॅनले चषक काही हाती आला नाही. वयाच्या ३९ व्या वर्षी त्याने विनंती केली आणि ६ मार्च २००० रोजी क्लबने त्याला कोलोरॅडोकडे जाऊ दिले. जून २००१ मध्ये कोलोरॅडोने चषक जिंकला. कर्णधार जो साकिक याने प्रथेप्रमाणे चषक आधी स्वतः न उंचावता बोर्कच्या हाती दिला. चार दिवसांनी बोर्क तो चषक घेऊन बोस्टनच्या नगर सभागृहासमोर आला, तेव्हा हजारो लोक जमले होते. चषक परक्या संघाचा होता, तरी माणूस त्यांचा होता. त्या लोकांनी एक डॉलरही दिला नाही, पण देणे फेडले.

खेळाडूचेही एक कर्तव्य असते, ते विसरू नये. डेट्रॉइटचा निकलस लिडस्ट्रॉम शेवटी एकेका वर्षाचेच करार करत असे. २०११ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याला सातव्यांदा नॉरिस चषक मिळाला. पुढच्याच वर्षी ३१ मे रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. नवे खेळाडू घेण्याचा बाजार १ जुलैला उघडतो, त्याआधी क्लबला महिनाभर मिळाला. चारासुद्धा अखेरच्या वर्षांत दर वर्षी कमी रक्कम घेत गेला. २०१८-१९ साठी ५० लाख, त्यापुढच्या हंगामासाठी मूळ रक्कम २० लाख डॉलर. आपली शक्ती किती उरली आहे, हे स्वतःशी कबूल करणे ही नम्रता आहे. मात्र ‘मला अजून खेळायचे आहे’ असे वाटणे हा काही गर्व नव्हे.

निकाल पाहून कोण बरोबर ठरले, असे विचारण्याचा मोह होतो. चाराने वॉशिंग्टनसाठी त्या हंगामातील ५६ पैकी ५५ सामने खेळले, म्हणून पहिला तट म्हणाला, पाहा! मग २०२१ च्या बाद फेरीत बोस्टनने त्याच वॉशिंग्टनला चार-एक असे हरवले, म्हणून दुसरा म्हणाला, आता पाहा! पण पुढच्याच फेरीत बोस्टन हरले. पिट्सबर्गने २०२२ साली उलटे केले. तीन चषक जिंकून देणाऱ्या ३५ वर्षांच्या क्रिस लेटँगला सहा वर्षांचा, वर्षाला सरासरी ६१ लाख डॉलरचा करार दिला. पुढचे तीन हंगाम तो संघ बाद फेरीत पोहोचला नाही, पण त्याला कारणे अनेक होती. निकाल निर्णयाची हुशारी तपासतो. त्यातला न्याय तपासण्याचे माप वेगळे आहे.

ते माप कोणते? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमांवर जे पत्र लिहिले, त्याचा गाभा असा की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. रसिकांच्या बोलण्यात कधी कधी थकलेल्या खेळाडूला ‘मेलेले वजन’ म्हटले जाते. काल उभे राहून टाळ्या वाजवणारेच आज असे म्हणतात. करार न देणे अन्याय नसेलही, पण हे शब्द अन्याय आहेत. निर्णय खेळाविषयी असतो, शब्द माणसाविषयी असतात.

या गोष्टीचा शेवट चांगला झाला. चारा आणखी दोन हंगाम खेळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वाधिक सामने खेळणारा बचावपटू ठरला आणि १,६८० सामन्यांवर थांबला. २० सप्टेंबर २०२२ रोजी त्याने एका दिवसाचा नाममात्र करार केला, तो बोस्टनशी, ब्रुइन्सचा खेळाडू म्हणून निवृत्त होता यावे एवढ्यासाठीच. दोन्ही बाजूंनी दार उघडे ठेवले होते म्हणून हे घडले. जाताना कुणी कडू शब्द बोलले असते, तर हा दिवस उगवला नसता.

बंधुभगिनींनो, आपल्यालाही कुणाच्या हातून काम काढून घ्यावे लागते. दुकानातला जुना नोकर, बोटीवरचा थकलेला माणूस, गायनवृंदातला आवाज हरवलेला ज्येष्ठ गायक. निर्णय कधी कधी टळत नाही, आणि तो टाळून तरुणांना ताटकळत ठेवणेही बरे नाही. पण तो निरोप कुणाकरवी पाठवू नये. आपण जावे, बसावे, खरे कारण सांगावे, आणि त्यांचे ऐकून घ्यावे. असे न करता नुसती नवी यादी फलकावर लावण्याची चूक माझ्याही हातून झाली आहे. निर्णय बरोबर होता, तरी ते देणे माझ्याकडून राहून गेले. उशिरा का होईना, या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाणार आहे.

तुमचा,
धर्मगुरू