उष्टं पाणी, वापरलेलं पाणी

मागल्या साली आमची सूतगिरणी चार महिने बंद होती. बंद गिरणीत बदली कामगाराला कोण विचारतो? पोटासाठी एका थंड पेयाच्या कारखान्यात कंत्राटावर लागलो. काम बाटल्या धुण्याचं. तिथं एक प्रश्न डोक्यात शिरला तो अजून निघत नाही. तो तुमच्यापुढं ठेवतो. मी कॉलेजात शिकलेलो नाही. कुठं चुकलो तर तोंडावर सांगा.

आधी यंत्र समजून घ्या. काचेची बाटली दुकानातनं परत येते. तिच्यात काय नसतं? स्ट्रॉ, विडीचं थोटूक, मेलेलं झुरळ. यंत्राच्या साखळीवर खाचे असतात, त्यात बाटल्या बसवतात. आधी साधं विसळणं. मग कॉस्टिक सोड्याच्या गरम हौदात बुडी. सोडा शेकडा दोन-तीन, पाणी हात पोळेल असं. मग उलट्या बाटलीत खालून पिचकाऱ्या. आधी गरम, मग कोमट, मग थंड. शेवटची पिचकारी तेवढी ताज्या पाण्याची. त्या टप्प्याला बाटली जवळजवळ स्वच्छच असते, म्हणून पाणीही फार बिघडत नाही. ते गटारात सोडत नाहीत, मागच्या टप्प्याला देतात. तिथलं त्याच्या मागच्याला. असं करत करत ते सगळ्यात घाण बाटलीपर्यंत येतं. बाटली पुढं जाते, पाणी मागं येतं. एकच पाणी तीन-चार कामं करतं.

मला हसू आलं. माझी आई जन्मभर हेच करत आली. टँकर येईल त्या दिवशी पाणी. चांगले कपडे खळबळलेल्या पाण्यात मळके कपडे, त्यातच पायपुसणं, उरलेलं मोरीला आणि संडासाला. तिला कुणी इंजिनिअर म्हटलं नाही, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट बघा. त्या बाटलीला किती ओठ लागले असतील? कोण कुठला, कोणत्या आळीतला, कुणी विचारत नाही. धुतलेल्या बाटलीत सोडा राहिला का ते बघायला फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकतात. पाणी गुलाबी झालं तर सोडा आहे. नाही झालं तर नाही. थेंब कुणाच्या हातचा आहे याच्याशी त्या रंगाला देणंघेणं नाही.

आता महाड आठवा. २० मार्च १९२७. बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेनं १९२४ सालीच ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव होता. तरी सनातन्यांनी १०८ घागरी घेऊन शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून तळं 'शुद्ध' केलं. पाण्यात शेण घातलं आणि म्हणाले, आता स्वच्छ झालं! कोर्टात दहा वर्षं भांडण चाललं, १९३७ साली मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे पाणी स्वच्छ की घाण हे ठरवायच्या दोन रीती. एक गुलाबी थेंबाची, एक शेणाच्या घागरीची. मला वाटायचं, कारखान्यात तरी पहिलीच रीत चालत असेल.

तिथं विसळण्याचं पाणी गाळून, क्लोरीन मारून पुन्हा वापरायचं नवं यंत्र बसवलं होतं. ते पाणी क्रेट धुवायला, फरशीला. ठीक. मग एक दिवस आमच्या कंत्राटी शेडबाहेरच्या नळालाही तेच जोडलं. हात-तोंड धुवायचा नळ तो, आणि डबा खाताना पाणीही आम्ही तिथलंच प्यायचो. सुपरवायजरला विचारलं, सायेब, हे पाणी कसलं? म्हणाला, एकदम शुद्ध, टेस्ट केलंय. म्हटलं, मग हापिसाच्या कँटीनला का नाही जोडलं? तो म्हणाला, तिथं लोक जेवतात.

मित्रांनो, 'लोक' हा शब्द नीट ऐका.

रविवारी वस्तीतल्या आमच्या अभ्यासवर्गात मी हे सांगितलं. एक मित्र ताडकन उठला. म्हणाला, हे उष्टंच आहे. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी शिळंउष्टं आणि मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. भाकरीचं उष्टं सोडलं आणि पाण्याचं घ्यायचं? वापरलेल्या पाण्याला हात लावायचा नाही!

आधी मलाही पटलं. रात्रपाळीत विचार करता करता पटेना. वापरलेलं म्हणून पाणी बाटलं, हे कुणाचं म्हणणं? हे तर मनूचं म्हणणं. माझी आज्जी विहिरीपाशी घागर घेऊन तासन् तास उभी राहायची, वरून कुणी ओतेल तर घरी पाणी. तिच्या हातानं विहीर बाटते म्हणणारे आणि दुसऱ्यांदा वापरलं म्हणून पाणी बाटलं म्हणणारे आपण, यात काय फरक उरला? जगात न वापरलेलं पाणी आहे तरी कुठलं? वरच्या गावानं सोडलेलं खालचं गाव पितं. गाळून, तपासून घेतलेलं पाणी पाणीच असतं. विटाळ आपण जाळून टाकला ना? मग मागल्या दारानं आत घेऊ नका.

पण मग माझा राग खोटा होता का? नाही. उष्टं हे पाण्यात नसतं, देण्याच्या रीतीत असतं. ज्या ताटातलं देणारा स्वतः परत खाणार नाही ते उष्टं. आईनं धुण्याचं पाणी पुन्हा वापरलं तर ते उष्टं नाही, कारण ते साऱ्या घरासाठी, तिच्या स्वतःसाठीही एकच आहे. तेच पाणी वरच्यांनी नको म्हणून खालच्यांना दिलं तर ते उष्टं, मग कितीही शुद्ध असो.

१९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. यंत्रातही वरून खाली पाणी येतं. पण तिथं साखळी आहे. आज घाण असलेली बाटली तासाभरात शेवटच्या ताज्या पिचकारीखाली पोचते. आमच्या मजल्याला ती साखळी नाही. हौदाच्या तळाचा गाळ काढायला कंत्राटदार आपल्याच पोरांना उतरवतो. त्यांचा बापही तेच करत होता.

म्हणून 'पाणी वाचवा' म्हणत कुणी आला तर त्याला हाकलू नका. तीन प्रश्न विचारा. तपासणीचा कागद कुठं लावलाय? हेच पाणी तुझ्या नळाला येतं का? आणि वाचलेलं पाणी कुणाच्या वाट्याला जाणार? तिसरा प्रश्न विसरू नका. केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा इथं २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. आसपासच्या विहिरी बिघडल्या. २००२ च्या एप्रिलपासून आदिवासी फाटकासमोर बसले, मयिलम्मा नावाच्या आदिवासी बाई पुढं होत्या. मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. आत पाणी कितीदा फिरवलं हा एक हिशेब. बाहेरच्या विहिरीत किती उरलं हा दुसरा. वाचलेल्या पाण्यानं आणखी बाटल्याच भरल्या आणि वस्तीचा टँकर तसाच राहिला, तर वाचलं कुणासाठी?

आमच्या शेडमधल्या अकरा जणांनी अर्ज दिला. नळ काढा असं नाही लिहिलं. लिहिलं, पाणी चांगलं असेल तर कँटीनलाही जोडा, नसेल तर आम्हालाही ताजं द्या. दुसऱ्या दिवशी तिघांना गेटवरच अडवलं. त्यात मी होतो. पुढं गिरणी सुरू झाली, परत सुताच्या धुरळ्यात आलो. त्या नळाला आता कसलं पाणी येतं, मला ठाऊक नाही.

तो मित्र अजून म्हणतो, तू त्यांच्या पाण्याची वकिली करतोस. मी म्हणतो, मी पाण्याची करतो, त्यांची नाही. भांडण मिटलेलं नाही. तुमचं काय म्हणणं आहे, लिहून कळवा.

जयभीम.